काळ्यावर पांढरं

अंगात कुठे धातू आहे का?
कागदावरचा चौथा प्रश्न.
आर्नफिन म्हणतात, आहे की. अंगठ्यात गळाचं टोक,
एकोणीस वर्षांचा होतो तेव्हापासून.
म्हणून आधी हाताचा एक्स-रे.
टोकबिक काही नाही. हाडं तेवढी, म्हातारी, जागच्या जागी.
एकावन्न वर्षं सांगत आलो पोरांना, ते म्हणतात,
आणि जरा खट्टू होऊन
लग्नाची अंगठी साबणानं ओढून काढतात.

सेन्या बेटापासून तीन मैलांवर, जाळं अर्धं वर,
तेव्हा छातीत दुखायला लागलं.
जाळं पुरतं वर घेतलं, मग वायरलेसवर बोलले.
त्यात किती वेळ गेला, डॉक्टर तोरुननं विचारलं होतं.
दोन तास असतील. मासा चांगला होता.

आता ते बोगद्यात. मी काचेअलीकडे.
श्वास घ्या. सोडा. थांबा.
यंत्र ठोकत राहतं,
रिकाम्या पिंपावर कुणी हातोडा घालावा तसं.
सोडलेल्या श्वासावर थांबणं सोपं नसतं.
मीही थांबते, सवयीनं, दिवसातून शंभरदा;
नवरा म्हणतो, झोपेतसुद्धा.

दंडातून औषध जातं. थंड, ते म्हणतात.
मग दहा मिनिटं नुसती.
ट्रोम्सोत दुपारचे बारा. खिडकीत निळसर काहीतरी,
त्याला आम्ही दिवस म्हणतो.
सूर्य जाऊन पाच आठवडे झाले.

पडद्यावर काप उमटतात, एकाखाली एक,
काळजाची गोल कडी.
जिवंत स्नायू काळा दिसतो. मेलेला पांढरा.
नव्या पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं,
उजेड दिसला की त्यांना बरं वाटतं.
काळीज काळंच असावं.

तळाशी, घड्याळातल्या पाच ते सातमध्ये,
आतल्या अंगानं एक पांढरी कोर.
दोन तासांचा हिशेब, काळ्यावर पांढरं.
मी मोजते. जाडीचा तिसरा हिस्सा.
पण जो हलत नाहीये तो भाग याहून मोठा:
कोरेच्या भोवतालचा, चांगला काळाभोर,
आणि हातपाय गाळून बसलेला.

तोरुन खुर्ची ओढून त्यांना दाखवते.
एवढं गेलं. ते परत येणार नाही.
हे मात्र मेलेलं नाही. नुसतं बधिर झालंय.

आर्नफिन पडद्याशी वाकतात,
नकाशात उथळ पाणी शोधावं तसे.
कॉडच्या डोक्यात सोटा घालतो आम्ही, ते म्हणतात,
निपचित पडतो तो. तुम्ही सुरी घ्यायला वळता
आणि मागे डेकवर थाडथाड शेपटी.

नेहमी? तोरुन विचारते.
पुष्कळदा, ते म्हणतात. नेहमी नाही.

अंगठी मी त्यांच्या तळहातावर ठेवते,
साबणाचा वास अजून तिला.
ती चढवता चढवता ते अंगठा दाबून बघतात,
एक्स-रेत काही नव्हतं तिथेच.
टोचतं, म्हणतात. अजून टोचतं.