एक ओळ वरून

आमचे मामंजी, लाजरसबाबा, मिलमध्ये तागे तपासायचे.
दोष दिसला की लाल पेन्सिल,
आणि लाल खुणेचा अर्थ एकच: इथून कापा.

तीच पेन्सिल घरच्या शास्त्रावरही फिरली.
नंदानगरच्या दोन खोल्यांत
संध्याकाळच्या प्रार्थनेला ते वाचायचे
बायकांनी कसं राहावं तो भाग,
बरोबर खुणेपासून.
त्यांच्यानंतर हे.
तीच खूण, तोच आवाज,
सुरू करण्याआधी तोच खाकरा.
एकोणीस वर्षं मी पदर घेऊन आमेन म्हटलं,
अर्धं लक्ष कुकरच्या शिट्टीत.

हे वाईट नाहीत.
दारू नाही, हात उचलला नाही कधी,
पगार आणून कोनाड्यात ठेवतात.
फक्त घरातलं सगळं
यांच्या हो-नाहीच्या खुंटीला टांगलेलं:
माझी रात्रपाळी, माहेरी जाणं,
सुवार्ताची सहल,
आणि जबलपूरच्या ट्रेनिंगचा कागद,
सहा महिन्यांनी वॉर्डची सिस्टर करणारा,
जो मी गव्हाच्या डब्याखाली सरकवला होता.
नाही ऐकण्यापेक्षा
न विचारणं हलकं पडतं.

त्या शुक्रवारी यांचा चष्मा दुरुस्तीला, पाटनीपुऱ्यात.
म्हणाले, सुवार्ता, आज तू वाच.
पोर हिंदी शाळेतली.
मराठी वाचते ती बोट ठेवून,
खडीवरून अनवाणी चालावं तशी.
तिला कुठली खूण ठाऊक?
बोट टेकलं तिथून तिने सुरुवात केली,
एक ओळ वरून.

एकच ओळ.
तीत बायको नव्हती, नवरा नव्हता.
एकमेकांपुढे वाका, असं काहीसं,
ख्रिस्ताचं भय धरून,
सगळ्यांनाच सांगितलेलं.

खूण चुकलीस, हे म्हणाले.
नाही पप्पा, इथंच लिहिलंय.
बरं. पुढे.

पुढे माझा भाग आला आणि लवकर संपला.
मग नवऱ्याचा आला, तो काही संपेना.
प्रीती करा,
आणि नुसती प्रीती नाही,
स्वतःला देऊन टाका,
जसं त्याने मंडळीसाठी दिलं.
पोर अडखळत होती
म्हणून एकेक शब्द दोनदा ऐकू येत होता.
कुकर किती वाजला कुणी मोजलं नाही.
वरण पार गिचका.

आता तुम्ही म्हणाल, मग हे बदलले.
कसले बदलतात!
मीठ कमी आहे म्हणाले आणि ताट सरकवून उठले.
भांडी मीच घासली.

पण नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड,
पहाटे चारला.
एकोणीस वर्षं तेवढ्यासाठी मी उठते.
त्या पहाटे मोटरच्या आवाजाने जाग आली
तर शेजारचं अंथरूण रिकामं.
टाकी किती वेळात भरते हे यांना कुठून माहीत!
पाणी गच्चीवर, जिन्यावर, गल्लीत,
समोरचे शुक्लाजी खिडकीतून ओरडताहेत,
अरे भिया, मोटर!
आणि हे लुंगी वर खोचून
अंधारात बटण शोधताहेत.

मी उठले नाही.
मोकळीक हा शब्द चर्चमध्ये पुष्कळ ऐकलाय,
पापापासून, मरणापासून.
पहाटे चारला डोळे मिटून पडून राहणं
तिच्यात बसतं का, विचारायला हवं पाळकसाहेबांना.
हसू येत होतं. उशीत तोंड खुपसलं.

दुसऱ्या दिवशी डब्याखालचा कागद काढला,
पीठ झटकलं,
आणि शास्त्रात ठेवला, त्याच पानावर,
खुणेच्या वर.
खूण पुसली नाही. मामंजींची आहे.
आणि त्यांना तरी कुणी सांगितलं होतं,
की सगळंच काही
कापायचं कापड नसतं?

आज परत शुक्रवार.
चष्मा दुरुस्त होऊन आलाय.
यांनी पान उघडलंय,
कागद दिसला असणार.
सुवार्ता माझ्याकडे बघतेय, मी कुकरकडे.

हे अजून खाकरले नाहीत.