क्रमांक सत्तावीस

भंवरकुव्यावरून सहाची बस,
सिमरोलच्या पुढे, घाट लागायच्या आत उतरायचं,
मग पायी, कुंडीफळियापर्यंत.
आम्ही चौघं. सुतळीची रिळं, खुंट्या, मोजपट्टी,
आणि आईने रामबागेतून बांधून दिलेल्या दशम्या,
ज्या तिच्या हिशोबाने नेहमी आठ माणसांच्या असतात.

पहिल्या दिवशी दितलीबाईने दुपारपर्यंत बसवून ठेवलं.
(रविवारी जन्मली म्हणून दितली. साल तिला माहीत नाही,
आमच्या फॉर्मला सालच हवं होतं.)
बिडी विझली, पुन्हा पेटली.
मग म्हणाली, मोजून नेता,
ते परत कधी आणता?
आम्ही सरांकडे पाहिलं असतं,
पण सर आलेच नव्हते.

टेकडीवर जुने सरकारी खड्डे, ओळीत.
खड्ड्यांत सुबाभूळ, तिच्यात रस फक्त शेळ्यांना.
दितलीबाई म्हणाली, लावायचं काहीच नाही.
खाली मुळं जागी आहेत.
वरचं लेंटाना उपटा, तीन वर्षं गुरं दुसरीकडे वळवा,
नवाई होईपर्यंत गवताला विळा लावू नका,
मग बघू कोण कोण उठतं.

हलम्याचं बोलावणं गेलं.
सात फळियांतून माणसं आली,
आपापली गैती, आपापली भाकर घेऊन.
मजुरी नाही. आभारही नाहीत.
आम्ही वह्या काढल्या. केकडियाने माझी वही
मोहाच्या फांदीच्या बेचक्यात ठेवली
आणि हातात गैती दिली:
पाहुणे बघतात. हलम्याला आलेले खणतात.
त्या दिवसाची माझ्याकडे एकही नोंद नाही.
तळहातावर चार फोड होते, तेही आता गेले.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी रकान्यात लिहीत होते:
धावडा, मृत. सालई, मृत. धावडा, मृत.
दितलीबाई मागून आली, वाकली,
नखाने साल जरा खरवडली.
आत हिरवं.
मेलं कोण म्हणालं तुला, कॉपीवाली?
एकशे अकरा झाडं मी पुन्हा तपासली,
नखाने. अंगठा आठवडाभर काळा होता.
त्यातली चाळीस खरंच मेलेली होती,
हेही लिहायला हवं.

पावसानंतर ती वेल आली.
धावड्याच्या बुडाशी, बोटाएवढी.
दितलीबाईने डोक्यावर पदर घेतला, खाली बसली,
बराच वेळ काही बोलली नाही.
तोवर मी लिहूनही टाकलं होतं,
क्रमांक सत्तावीस, शास्त्रीय नाव, तिच्या तोंडचं नाव,
आणि कशावर देतात ते.
हे नाही न्यायचं, ती म्हणाली.
पान फाड म्हणाली नाही. नुसती बघत राहिली.
मी खोडलं. खोडलेलं वाचता येत होतं.
मग गिरवत बसले, कागदाला भोक पडेपर्यंत.

तोंडी परीक्षेला कूलर फार आवाज करत होता.
भोपाळहून आलेले परीक्षक म्हणाले,
सव्वीसनंतर एकदम अठ्ठावीस? छपाईची चूक?
नाही सर. परवानगी नव्हती.
कोणाची?
मी दितलीबाईचं पूर्ण नाव सांगितलं, फळियासकट.
त्यांनी चष्मा पुसला. सर पंख्याकडे बघत होते.
गुण कापले. किती ते मी घरी सांगितलेलं नाही.

प्रबंधाची एक प्रत फळियात नेली, याद्या हिंदीत करून.
नातीने, वेस्तीने, मोठ्याने वाचल्या,
शाळेतल्या प्रार्थनेच्या चालीत.
सत्तावीसपाशी अडखळली. इथे काही नाही, आजी.
हं, म्हणाली दितलीबाई, पुढे वाच.
अठ्ठावीस, कांडोळ, उंची वीतभर.
वीतभर? ती उठलीच.
आम्ही सगळे तिच्यामागून टेकडीवर.
मी पट्टी लावली. गुडघ्याच्या वर भरलं.
तिथेच उभ्या उभ्या दुरुस्ती केली,
पेन्सिल वेस्तीची होती.