चौथा पाय

मीटरची पेटी लाइनमनने बसवली
स्वतःच्या उंचीला.
मी चार फूट नऊ इंच.
फ्यूज उडाला की, म्हणजे आठवड्यातून दोनदा,
कुंपणापलीकडे हाक मारायची, "अब्बासभाई, गेली!"
की ते यायचे, टॉर्च तोंडात धरून,
जहाजाच्या इंजिनरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस.
तार बदलायचे, चहा घ्यायचे,
मस्कतचं वादळ सांगून जायचे.
दर खेपेला वादळ थोडं वाढलेलं असायचं.

नारळी पौर्णिमेला ते दापोलीला लेकीकडे होते
आणि मी अंधारात पिठाच्या डब्यावर चढले.
डबा रिकामा होता.
पुढचं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी टपाल लवकर आटपून
दाभोळच्या बंदरावर गेले.
जनू पालशेतकराची होडी मोडायला काढलेली,
उताणी, बरगड्या उघड्या.
"फळी कशाला, पोस्टातल्या बाई?"
"उभं राहायला."
त्याला ते पटलं. पैसे घेतले नाहीत,
पोराची मनीऑर्डर आली की आधी मला सांगा, एवढंच म्हणाला.

फणसाची फळी. वरून राखाडी,
खिळ्यांच्या भोकांभोवती काळी,
पिवळेपण आत कुठेतरी जपलेलं.
शाळेतून उसना आणलेला रंधा फिरवला
तर पहिल्या सालीला
सुक्या बांगड्याचा वास.

मापं लिहिली कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर.
उंची एक फूट, बाकीच्या टाचा.
लोखंडी खिळे नकोत, जनूने बजावलं होतं,
खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत लाल भुकटी.
म्हणून चिवारीच्या खुंट्या तासल्या.
पाच मोडल्या, एकीची कुसळ अंगठ्यात गेली.
मी रेषेवर डोळा ठेवायची
आणि करवत आपल्या कामाला निघून जायची.

चौथ्या रात्री पेटीखाली नेऊन ठेवलं
तर डुगडुगलं.
एका पायाची टाच कापली. तरी.
दुसऱ्याची कापली. मग तिसरा लंगडा.
फुटाचं स्टूल साडेदहा इंचांवर आलं,
तेव्हा कुठे तांब्याभर पाणी जमिनीवर ओतलं.
पाणी घुटमळलं, सरकलं,
पेटीखाली बशीएवढं होऊन थांबलं.
पूर्वी तिथे वायन पुरलेलं असणार,
नंतर कोब्याने बुजवलेलं, बसलेलं.
जन्म खाडीकाठी काढून
पाण्याला विचारायचं इतक्या उशिरा सुचलं.

चौथा पाय नव्याने केला, दोन सूत लांब.
उंडीचं कडू तेल दोनदा चोळलं.
आता त्या एकाच जागी, खडूच्या फुलीवर,
एकाच दिशेला तोंड करून
ते जांभ्यासारखं उभं राहतं.

रविवारी दिवेलागणीला फ्यूज गेला.
चढले.
पेटीच्या डोक्यावर धूळ, पालीचं फुटकं अंडं
आणि लाइनमनचा विसरलेला पेचकस,
इतकी वर्षं, माझ्या घरात.
तार ओवली. लागली.
कुंपणापलीकडे अब्बासभाई दारात,
टॉर्च हातात, हाकेच्या तयारीत.
जरा वेळ उभे राहिले,
मग आत गेले.

मंगळवारी आले. "स्टूल देता का जरा?
माळ्यावरची बॅग काढायची होती."
सहा फुटांचा माणूस.
दिलं.
अर्ध्या तासात परत.
"आमच्याकडे डुगडुगतंय."
"तुमची जमीन सपाट आहे," मी म्हटलं.
त्यांनी ते उलटं केलं,
चौथ्या पायावरून अंगठा फिरवला,
इंजिनाचा कुठलासा भाग तपासावा तसा.
"कामात खोट नाही," म्हणाले,
आणि फुलीवर नीट लावून
त्यावरच बसले.

मी चहा टाकला.
मस्कतच्या वादळात आज
दोन माणसं जास्त वाहून गेली.