चाहूल

एनुगूत, जनरेटर बंद करवून
आम्ही आवाज टिपत होतो.
ओबियागेली दारातून आत येते, एवढाच सीन.
पण कुबडी फरशीवर टक्, मागून घासत येणारा पाय.
मी म्हणालो, खाली रबर लावू? फडकं तरी?

ती बसली. पाणी प्यायली.
"अकरा सिनेमांत भीक मागितली मी.
चारदा पाद्र्याने डोक्यावर हात ठेवला
आणि शेवटी मी चालू लागले.
ते पाय दुसरीचे होते.
आज पहिल्यांदाच घरमालकीण आहे.
भाडं थकवलेल्यांना
आधी ऐकू तर येऊ दे, कोण येतंय."

मी माइक खाली आणला,
तिच्या ओठांपासून लांब,
पार फरशीजवळ.

टक्.

भाडेकरूचं काम करणारा पोरगा
कुणी न सांगताच
उठून उभा राहिला.