बारीकसारीक

सोहारच्या किनाऱ्यावर, मासळीबाजाराच्या अलीकडे,
तिसऱ्या दिव्याखालचा कठडा आमचा.
गुरुवारी, रात्री नऊनंतर.
गाडीतून उतरलं की आधी चष्म्यावर धुकं,
मग हसीनाचा आवाज,
मग पुसलेल्या काचेतून ती स्वतः.

"कढीपत्त्याला नवं पान!"
लांबूनच ओरडते, जणू नात झाली.
एसीच्या नळीखाली बादली ठेवते ती,
थेंब थेंब जमलेलं पाणी रोपाला पाजते.
नळाचं कसं घालणार?
जूनमध्ये नळाला चहाच येतो,
पत्ती तेवढी आपण टाकायची.

तेंडोलकर चौथ्या खेपेला लायसनची परीक्षा पास झाले.
परीक्षा घेणारा पोलीस नुसतं "खलास" म्हणाला
आणि यांचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.
बावीस वर्षं काढली या देशात,
शब्दाचा अर्थ झोपेतही ठाऊक,
तरी काळीज अजून मालवणातच दचकतं.

कुंदाला शफीकुलने कोथिंबीर फुकट दिली.
जुडी नव्हे हो, चार काड्या.
पण दिली.
मागितली नसताना.

माझं म्हणाल तर,
दवाखान्यात एका ओमानी आजीची कवळी बसली.
आरशात बघून ती इतकी हसली
की डॉक्टरला आरसा काढून घ्यावा लागला.
जाताना पर्समधून टिश्यूत गुंडाळलेला खजूर काढून
माझ्या रजिस्टरवर ठेवला.
पान चिकट झालं. सतरा तारखेचं.
मी ते पुसलं नाही.

आमच्यात एक ठरलेलं आहे.
घराचे हप्ते, कंपनीचं काय होणार,
आईचे रिपोर्ट, भावाचा न आलेला फोन,
असल्या मोठ्या बातम्यांना कठड्यावर जागा नाही.
त्यांना गाडीत बसवून येतो,
काचा बोटभर खाली ठेवून.

शंभर बैशांचा करक. कागदी पेला, बोटं भाजणारा.
हसीनाचं सांदण, तिच्या दाभोळच्या चवीचं,
डब्याचं झाकण उघडलं की समोरचा समुद्रही जरा अलीकडे सरकतो.
पाणी काळं, पलीकडे जहाजांचे दिवे,
कोण कुठे चाललंय, कोणाला माहीत.

"कुंदा, तुझी गॅलरी पूर्वेची ना गं?"
"हो. का?"
"नाही, सकाळचंच ऊन लागतं त्याला.
दुपारी पडदा लावायचा."

कुंदा पेल्याची कड दाताने कुरतडत राहिली.
कोणी काही विचारलं नाही.
मागे एका गाडीत कोणाचं तरी बाळ रडलं,
निजलं.
बऱ्याच वेळाने तेंडोलकर म्हणाले,
"सामान किती किलो देतत?"

"तीस. आणि पर्समध्ये मावेल ते."

"एअरपोर्टार मी नेतलंय तुका.
दोनशे किलोमीटर. सवकाश चालवीन."

"मग मला आत्ताच निघायला हवं,"
हसीना म्हणाली,
आणि आम्ही असे हसलो
की शेजारी गळ टाकून बसलेला माणूस
दोरा गुंडाळून चार दिवे पुढे गेला.

सांदणाचा शेवटचा तुकडा कोणीच उचलेना.
शेवटी तिनेच त्याचे चार केले,
कढीपत्त्याच्या पानांएवढे.

ही बातमी मोठी होती की बारीक
हे आमचं अजून ठरलेलं नाही.
जुलैची कोणती तारीख, तेही विचारायचं राहिलं.

घरी आले, साडेअकरा.
गच्चीवरच्या टाकीत दिवसभर उकळलेलं पाणी
नळापाशी दबा धरून बसलेलं.
पण गीझर मी महिनाभर बंद ठेवलाय,
त्याच्या पोटातलं तेवढं निवतं.
तो नळ सोडला.
एक अख्खी बादली गार.

पुढच्या गुरुवारी सांगेन.