टिंबापुढची अक्षरं

चोपडा बसस्टँडच्या भिंतीला पाठ लावून
माझं झेरॉक्सचं दुकान, चार बाय सहा.
कागद कमीच येतात आता. फोन येतात,
पदराच्या गाठीतून, बंडीच्या खिशातून,
काचेला तडा, मागे रबरबँड,
आणि वाक्य एकच:
"हाई उघडत नई वं माय."

लोटन आप्पांच्या नातीची लग्नपत्रिका
प्रेसवाल्याने धाडली सीडीआरमध्ये.
साखरपुड्याचे फोटो भाच्याकडून आले, एचईआयसी.
धाकट्याला अर्जासाठी जेपीजी हवा,
पन्नास केबीच्या आत.
हे मी दिवसातून तीसदा सांगते
आणि तीसदा समोरचा मान हलवतो,
काहीच न समजता, मोठ्या सौजन्याने.

फोन म्हणतो, फॉरमॅट समर्थित नाही.
आप्पा मला विचारतात,
"म्हंजे चूक मनी शे का?"

एकदा मी शहाणपणा केला.
सीडीआर पुसून तिथे जेपीजी लिहिलं.
फोन फसला नाही.
घडाला आंब्याची चिठ्ठी डकवली
म्हणून केळं काही कोय धरत नाही.

आप्पा हसले. चाळीस वर्षं त्यांनी ट्रक भरलेत केळीचे.
नुसता अंगठा लावून सांगतात,
हा माल दिल्ली गाठेल,
हा जळगावच्या पुढे नको.
त्याच अंगठ्याने त्यांनी पत्रिका दाबून पाहिली,
जरा जास्त वेळ.
फोनने विचारलं, डिलीट करू?

त्या दुपारी मी खोक्याचा पुठ्ठा फाडला,
जाड मार्करने लिहिलं,
पाहायचं, ऐकायचं, वाचायचं,
वाचून वर बदलायचं,
आणि प्रत्येकापुढे टिंब देऊन त्याची अक्षरं.
सगळ्यात खाली सीडीआर:
हे एकटं उघडत नाही.
एवढं फोनलाच सांगता आलं असतं.

शकिला तडवी बोट फिरवत उभी राहिली.
तिच्याकडे एक फाईल, नावात नुसते आकडे, शेवटी ओपस.
बँकेचं काहीतरी असेल म्हणून
दोन महिने तिने हात लावला नव्हता.
"हे ऐकायचं ना?"
कानाला लावलं. यावलची बहीण बोलत होती,
कढई तुझ्याकडेच राहिली गं, ईदच्या आधी पाठव.
ईद होऊन गेली होती.

आप्पांचं काम तेवढं राहिलंय.
प्रेसवाला जेवायला गेलाय, फोन उचलत नाही.
बाकावर बसलेत ते,
पत्रिका समोर धरून,
अंगठा काचेपासून बोटभर लांब.