अनेकवचनाचा सराव

वडाळ्याच्या म्युनिसिपल शाळेत, बालवाडीच्या खोलीत,
रात्री आठ ते नऊ.
बाकं इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला टेकतात.
भिंतीवर ए फॉर ॲपल,
उन्हानं रंग उडून त्याचा पेरू झालेला.

रिबेलो टीचरनी जोड्या लावल्या.
एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं,
आणि सांगायचं ते पूर्ण वाक्यात.
नुसतं यस, नुसतं नो चालणार नाही.
माझ्या जोडीला सगुणाबाई म्हसकर,
प्रसूतिगृहात आया, निवृत्तीला अडीच वर्षं बाकी,
हाताला अजून फिनेलचा वास.

मी शिवडीच्या एका टॉवरचा वॉचमन.
माझी वाक्यं वहीत आधीच तपासलेली:
आय हॅव अ टॉर्च. आय हॅव अ चेअर.
दोन्ही सोसायटीचे, वाक्य तेवढं माझं.

मी विचारलं, हाऊ मेनी रूम्स आर देअर इन युवर हाऊस?
बाईंनी डोळे मिटले,
नळाला पाणी येतंय का ऐकावं तसे,
आणि म्हणाल्या, देअर आर सेव्हन रूम्स.
विंडोज? नाइन्टीन विंडोज.
ट्रीज? त्यावर त्यांनी टीचरना हात वर करून
फणसाला काय म्हणतात ते विचारलं.

मला त्यांचं घर ठाऊक आहे. कोरबा मिठागर,
एक खोली, एक खिडकी,
तीही शेजारच्यांच्या जिन्यात उघडते.

फाटकाशी म्हटलं, बाई, एवढं खोटं कशाला?
त्या चपलेचा अंगठा दाबत म्हणाल्या,
अरे मोतीराम, टीचरनी अनेकवचनाचा सराव सांगितलाय ना?
माझ्या एका खोलीत, एका खिडकीत
तो एस मी लावू कुठं?

मग रोजच.
फोर ब्रदर्स, त्यातला एक वकील.
टू काऊज. मेनी मेनी सारीज.
मराठीत भाऊ मला असतो, पैसे माझ्याकडे असतात,
घर माझं असतं, ताप अंगात असतो.
इंग्रजीत सगळं एकाच हॅवमध्ये,
बाजाराच्या पिशवीत कोंबावं तसं.
"सोयीची भाषा आहे," बाई म्हणाल्या,
"उचलायला हात एकच लागतो."

आपल्याकडे मान द्यायचा तर एकाच माणसाचं अनेकवचन करतात.
मी हे लिहितानाही 'त्या म्हणाल्या' असंच लिहितोय.
वॉर्डात मात्र कालची नर्ससुद्धा हाक मारते,
ए मावशी, बादली आण.

एका बुधवारी पुस्तकातच प्रश्न निघाला,
हाऊ मेनी चिल्ड्रन डू यू हॅव?
मी पुढच्या पानाकडे निघालो होतो.
"थांब. चाइल्डला एस लागत नाही?"
नाही बाई, चिल्ड्रन. ते तसंच आहे.
त्यांनी ते दोनदा ओठात फिरवून पाहिलं.
मग म्हणाल्या, वन.
एवढंच.
टीचर मागेच उभ्या होत्या.
पूर्ण वाक्य त्यांनी मागितलं नाही,
खडू झटकत खिडकीकडे गेल्या.

नंतर त्यांची पाळी.
मोतीराम, हाऊ मेनी चेअर्स डू यू हॅव?
मी तोंड उघडलं, आणि वहीतलं वाक्य
घशात आडवं झालं.

त्या रात्री पावणेतीनला
क्लब हाऊसच्या मागे टाकलेली,
एक पाय तारेनं बांधलेली खुर्ची मी उचलून आणली,
पुसली, माझ्या खुर्चीशेजारी ठेवली.
सकाळी सेक्रेटरी फिरायला निघाले,
म्हणाले, एकटाच असतोस ना रे, ही दुसरी कुणासाठी?

मी उभा राहिलो.
म्हटलं, साहेब, एससाठी.